घरच्या गच्चीवर सोलर आणि बॅटरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलर बसवायचं डोक्यात आलं की माणूस आधी पॅनलचा ब्रँड विचारतो, मग बॅटरी किती मोठी घेऊ ते विचारतो, आणि रात्री घरात नेमकं काय काय चालू असतं असं उलट विचारलं की गप्प होतो. खालचे अर्धे प्रश्न तिथेच येऊन अडकतात.

प्रश्न: किती किलोवॅटची सिस्टीम घेऊ?

वर्षभराची लाईटबिलं काढा. एका महिन्याचं बिल बघून ठरवू नका, उन्हाळ्याचं आणि थंडीचं बिल एकमेकांशी कधीच जुळत नाही. १२ महिन्यांचे युनिट मिळवा, ३६५ ने भागा, रोजचा सरासरी वापर मिळाला. चांगलं ऊन असलेल्या भागात १ किलोवॅट पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतात, ढगाळ किंवा थंड भागात ३ च्या खालीही जातात. म्हणजे रोज १२ युनिट लागत असतील तर ऊन असलेल्या भागात ३ किलोवॅटमध्ये भागतं. जागेचं म्हणाल तर नुसती पॅनल किलोवॅटमागे साधारण ५ चौरस मीटर खातात, पण मधे चालायला, साफ करायला आणि सावली टाळायला जागा सोडावी लागते, म्हणून सपाट गच्चीवर ८ ते १० चौरस मीटर धरून चाला. पुढे इलेक्ट्रिक गाडी किंवा एसी घ्यायचा विचार असेल तर आत्ताच सगळं बसवायची गरज नाही, पण जागा मोकळी ठेवा आणि इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) एक साईज मोठा घेता येतो का ते विचारून ठेवा.

प्रश्न: किलोवॅट आणि युनिट, सारखा गोंधळ होतो. सोपं करून सांगा ना.

१००० वॅटची इस्त्री एक तास सलग चालली की १ युनिट जळलं. किलोवॅट म्हणजे या क्षणाला किती ओढतंय आणि युनिट म्हणजे एकूण किती ओढलं, बस. बॅटरीला हे दोन्ही आकडे असतात आणि खरी फसगत इथेच होते. समजा ५ युनिटची बॅटरी आहे पण ती आणि तिचा इन्व्हर्टर एका वेळी ३ किलोवॅटच देऊ शकतात. २ किलोवॅटचा गिझर चालू आहे, कुणीतरी मायक्रोवेव्ह लावला, तेवढ्यात पाण्याचा पंप सुरू झाला, की सगळं घर ट्रिप, आणि स्क्रीनवर बॅटरी ८० टक्के दिसतेय. मग बॅटरी खराब निघाली म्हणून फोन येतात! बॅटरीत काही बिघाड नसतो, दुसरा आकडा कुणी बघितलेलाच नसतो.

प्रश्न: लाईट गेली की सोलरवर घर चालेल ना?

साधी ऑन-ग्रिड सिस्टीम, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेली, बॅटरी नसलेली, असेल तर नाही. भर दुपारी कडक ऊन असलं तरी नाही. सगळ्यात जास्त लोकांचा हिरमोड याच गोष्टीने होतो आणि विकणारे हे शेवटपर्यंत बोलत नाहीत. ऑन-ग्रिड इन्व्हर्टरला बाहेरच्या लाईनचा व्होल्टेज दिसला तरच तो चालतो, लाईन गेली की एक-दोन सेकंदांच्या आत स्वतःला बंद करतो. ते मुद्दाम तसं केलेलं आहे, कारण खांबावर चढलेला लाईनमन लाईन बंद आहे असं धरून काम करत असतो आणि तुमच्या गच्चीवरून करंट उलटा गेला तर त्याच्या जिवावर बेतेल.

लाईट गेल्यावरही घर चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. तो लाईन गेली की घराला बाहेरच्या वीजजाळ्यापासून तोडतो आणि आतल्या आत पुरवठा चालू ठेवतो. बरेच चांगले हायब्रिड १० ते २० मिलिसेकंदात बदलतात, कॉम्प्युटरला कळतही नाही. पण यातही एक मेख आहे. बहुतेक हायब्रिडना बॅकअपचं वेगळं आउटपुट असतं, आणि तुमच्या घरातल्या कुठल्या लाईनी त्यावर घ्यायच्या हे वायरिंग करतानाच ठरवावं लागतं. फ्रिज, राऊटर, पंखे, लाईट आणि झोपायच्या खोलीतला एक प्लग एवढं बॅकअपवर घ्या, गिझर आणि एसी बाहेर ठेवा. हे वायरमनवर सोडलंत तर तो सगळं घर एका एमसीबीवर घेऊन मोकळा होईल.

प्रश्न: मग बॅटरी घ्यावीच का?

सगळ्यांनी नाही. तुमच्याकडे लाईट क्वचितच जाते आणि वीज कंपनी नेट मीटरिंगमध्ये (तुम्ही बाहेर दिलेली वीज बिलातून वळती करण्याची सोय) दिलेल्या युनिटबदली पूर्ण युनिट वळते करते, तर बाहेरचं जाळंच तुमची बॅटरी झालं, वर त्याला देखभाल नाही. कंपनी तुमच्या युनिटला तुम्ही घेता त्या दरापेक्षा खूप कमी भाव देत असेल, किंवा संध्याकाळचा दर दुपारपेक्षा बराच जास्त असेल, तर दुपारची वीज साठवून संध्याकाळी वापरण्यात फायदा निघतो, आणि तो किती हे दोन दरांच्या फरकावरून सरळ काढता येतं. आणि लाईट वारंवार जात असेल, घरी औषधं फ्रिजमध्ये ठेवावी लागतात, कुणी श्वासाच्या मशिनवर आहे, घरून काम आहे, तर हिशोब पैशाचा राहतच नाही, घ्या.

माझं मत विचाराल तर शंका असेल तेव्हा आत्ता पॅनल आणि बॅटरी जोडता येईल असा हायब्रिड इन्व्हर्टर घ्या, वर्षभर ॲपमध्ये वापर बघा, मग बॅटरीचा आकार ठरवा. अंदाजाने घेतलेली बॅटरी एकतर रोज अर्धी वापराविनाच राहते नाहीतर पहाटे ३ ला संपते.

प्रश्न: ठीक आहे, घ्यायचीच आहे. किती मोठी?

रात्रीची यादी करा, कागदावर, खोलीत फिरून. समजा ३ साधे पंखे, प्रत्येकी ७५ वॅट, ९ तास: २ युनिट. फ्रिज रात्रीच्या १० तासांत साधारण अर्धं युनिट. राऊटर १० वॅट, १२ तास: ०.१२. एलईडी बल्ब ९ वॅटचे ४, चार तास: ०.१४. झाले सगळे मिळून २.८ युनिट. आता बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, १० टक्के मागे ठेवा, आणि बॅटरीतून घरात येताना इन्व्हर्टर थोडं खातो ते १० टक्के धरा, म्हणजे २.८ ला ०.८१ ने भागायचं, आले साडेतीन. ५ युनिटची बॅटरी घेतली तर आरामात रात्र निघते आणि बॅटरी म्हातारी झाल्यावरही निघेल.

आता त्याच यादीत ३० वॅटचे बीएलडीसी पंखे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे, टाकून बघा. पंख्यांचं २ युनिटचं ०.८ होतं, म्हणजे नुसते पंखे बदलून सव्वा युनिटच्या आसपास वाचलं. तेवढी बॅटरी विकत घेण्यापेक्षा तीन पंखे बदलणं किती स्वस्त पडतं ते तुम्हीच बघा. उलट दीड टनाचा एसी या यादीत आला की तो एकटा तासाला १ युनिटच्या आसपास ओढतो, रात्रीचे ८ तास म्हणजे ८ युनिट, बाकी सगळ्या घराच्या जवळजवळ तिप्पट. रात्रभर एसी बॅटरीवर हा हट्ट असेल तर बॅटरीबरोबर ती रोज भरण्याइतकी पॅनलही वाढवावी लागतात, हे लोक विसरतात.

पंप, फ्रिज यांच्या मोटारी सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट, काही वेळा ५-६ पट करंट ओढतात. १ एचपीचा पंप म्हणजे ७४६ वॅट म्हणून १ किलोवॅटचा इन्व्हर्टर पुरेल असं नाही. डेटाशीटवर सर्ज किंवा पीक पॉवर आणि ती किती सेकंद टिकते ते बघा.

प्रश्न: लेड-ॲसिड की लिथियम?

रोज वापरायची असेल तर लिथियम, आणि त्यातही लिथियम आयर्न फॉस्फेट, ज्याला सगळे एलएफपी म्हणतात. लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली रोज उतरवली की लवकर मरते, म्हणजे १० युनिट लिहिलेल्या बॅटरीतून तुम्हाला ५ च वापरायला मिळतात. भरलेल्या विजेतली २० ते ३० टक्के परत मिळत नाही, पाणी बघावं लागतं, आणि चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो म्हणून बंद कपाटात ठेवता येत नाही. एलएफपी ८० ते ९० टक्के खाली नेली तरी चालते आणि हजारो सायकल (एकदा भरून रिकामी झाली की एक सायकल) टिकते, चांगल्या कंपन्या ६००० पर्यंत सांगतात. लेड-ॲसिडच्या बाजूने बोलायचं तर पहिला खर्च कमी आणि भंगारवाला हसत घेऊन जातो. लाईट महिन्यातून एकदोनदाच जात असेल तर तिला नावं ठेवायचं कारण नाही.

मोबाईलमध्ये असते त्या प्रकारची, कोबाल्ट किंवा निकेल-कोबाल्टवाली लिथियम बॅटरी कमी जागेत जास्त साठवते पण बिघडली तर एलएफपीपेक्षा कमी तापमानाला पेट घेते, घरासाठी एलएफपी जास्त सुरक्षित. दोन गोष्टी मात्र पाळा. तिला उन्हात किंवा तापणाऱ्या पत्र्याखाली ठेवू नका, उष्णतेने आयुष्य झपाट्याने घटतं. आणि जिथे बर्फ पडतो तिथे ० अंशाखाली ती चार्ज करायची नसते, चांगला बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं आतलं सर्किट) स्वतःच चार्जिंग थांबवतो.

प्रश्न: घरात आधीच इन्व्हर्टर-बॅटरी आहे, त्यालाच पॅनल लावले तर?

लावता येतात. मधे सोलर चार्ज कंट्रोलर घालायचा, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीला हवी तशी देणारा डबा. त्यात एमपीपीटी प्रकारचा घ्या, तो पॅनलमधून जास्तीत जास्त पॉवर काढतो, पीडब्ल्यूएम प्रकारचा स्वस्त असतो पण पॅनलची बरीचशी ताकद वाया घालवतो. याने बॅटरी उन्हावर भरते, एवढंच. बिल त्यातून फारसं उतरत नाही.

प्रश्न: ४०० वॅटचं पॅनल आहे आणि भर दुपारी ३३० च दाखवतंय. फसवलं का?

बहुतेक नाही. ४०० हा आकडा प्रयोगशाळेतला आहे, दर चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि पॅनलच्या आतल्या सेलचं तापमान २५ अंश. उन्हात सेल सहज ६० अंशाला जातो. सिलिकॉन तापला की व्होल्टेज पडतो, दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के पॉवर कमी. ३५ अंश जास्त गुणिले ०.३५, म्हणजे १२ टक्के इथेच गेले, राहिले ३५०. मग धूळ, वायर, इन्व्हर्टर यांचे दोन-दोन चार-चार टक्के. म्हणूनच कडक उन्हाळ्यापेक्षा थंड हवेच्या स्वच्छ दिवशी पॅनल जास्त पॉवर दाखवतं, आणि लोक चक्रावतात. उपाय एकच, पॅनल छपराला चिकटवू नका, खालून वारा खेळू द्या.

याची दुसरी बाजू इन्व्हर्टर जोडणाऱ्याला माहीत असायला हवी. थंडीत व्होल्टेज वाढतो. कडाक्याच्या थंडीत सकाळी पहिलं ऊन पडतं तेव्हा सगळ्या पॅनलचा मिळून व्होल्टेज सर्वात जास्त असतो, आणि तो इन्व्हर्टरच्या मर्यादेच्या वर गेला तर इन्व्हर्टर जळतो. एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या ओळीत, किती पॅनल हे सगळ्यात थंड दिवस धरून मोजायचं असतं.

प्रश्न: थोडीशी सावली येते, चालेल का?

थोडीशी म्हणजे किती आणि कधी? पॅनल एकामागे एक सिरीजमध्ये असतात, करंट सगळ्यातून एकच वाहतो, त्यामुळे एकाला सावली आली की त्याचा त्रास पूर्ण ओळीला. पॅनलमध्ये सहसा ३ बायपास डायोड असतात, ते सावलीतला भाग वळसा घालून टाळतात, पण मग त्या भागाची वीज गेली ती गेलीच. दुपारी ३ वाजता पाण्याच्या टाकीची सावली शेवटच्या पॅनलच्या खालच्या कडेवर हातभर चढते, बघायला काहीच वाटत नाही, पण ॲपमधला आलेख त्या मिनिटाला पायरीसारखा खाली येतो. साडेतीनला सावली दुसऱ्या पॅनलवर, आलेखाला दुसरी पायरी. असं रोज.

म्हणून जागा ठरवताना गच्चीवर सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ ला जाऊन खडूने सावलीच्या कडा मारा, आणि जमलं तर हे थंडीच्या दिवसांत करा कारण तेव्हा सूर्य खाली असतो आणि सावल्या लांब पडतात. टाकी हलवता येत असेल तर टाकी हलवा. नसेल हलत तर मायक्रोइन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर लावून प्रत्येक पॅनल स्वतंत्र करता येतं, खर्च वाढतो, आणि गच्चीवर उन्हात तापणारी इलेक्ट्रॉनिक्स वाढते. सावलीच नसेल तर यातलं काही घेऊ नका.

प्रश्न: तोंड कुठे करायचं?

विषुववृत्ताच्या उत्तरेला राहत असाल तर दक्षिणेकडे, दक्षिणेला राहत असाल तर उत्तरेकडे, आणि कलता कोन साधारण आपल्या अक्षांशाइतका. पाच-दहा अंश इकडे तिकडे झालं तर फरक नगण्य. पूर्व-पश्चिम छप्पर असेल तर एकूण वीज थोडी कमी पण सकाळ-संध्याकाळ जास्त, बॅटरीवाल्या घराला ते उलट सोयीचं पडतं. अगदी आडवं मात्र बसवू नका, पाण्याबरोबर धूळ वाहून जायला थोडा तरी उतार हवा.

प्रश्न: गच्ची गळेल का? वाऱ्याने उडेल का?

गळायची ती आधीच गळत असते आणि नाव सोलरचं होतं. वॉटरप्रूफिंग आधी करून घ्या, नंतर २५ वर्षं त्या जागेला हात लावता येत नाही. भोकं पाडून अँकर मारले तर प्रत्येक बोल्टाभोवती सील नीट हवं. भोकं नको असतील तर काँक्रीटचे ठोकळे ठेवून वजनावर उभं करतात, पण मग ते वजन स्लॅब पेलेल का हे इंजिनिअरला विचारा. एक पॅनल २० ते २८ किलोचं असतं, पॅनलचं स्वतःचं वजन सहसा प्रश्न नसतो. प्रश्न वाऱ्याचा आहे, तो खालून शिरून पॅनल वर उचलतो. स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) किंवा ॲल्युमिनियमचं, नटबोल्ट स्टेनलेसचे. साध्या लोखंडाला चंदेरी रंग मारून आणतात, नखाने खरवडून बघा. समुद्राजवळ घर असेल तर पॅनलला खाऱ्या हवेची आयईसी ६१७०१ चाचणी आहे का ते विचारा.

प्रश्न: वायरिंगमध्ये एवढं काय असतं?

सगळं तिथेच असतं. पॅनलच्या बाजूला ३०० ते ६०० व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारा करंट) फिरत असतो, आणि घराचा मेन बंद केला तरी दिवसा तो पॅनलच्या वायरींमध्ये असतोच, ऊन बंद करता येत नाही. घरातला एसी, म्हणजे सारखी दिशा बदलणारा करंट, सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो (५० हर्ट्झला) त्यामुळे ठिणगी विझते, डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी लागली की जळत राहते. सोलरच्या आगींमध्ये ढिला कनेक्टर हे नेहमीचं कारण आहे. म्हणून एका कंपनीचा एमसी४ (पॅनलच्या वायरी जोडायचा कनेक्टर) नर आणि दुसरीचा मादी असं जोडू देऊ नका, बसतात पण मापात बारीक फरक असतो आणि काही महिन्यांनी तापायला लागतात. जोडताना टक् असा आवाज यायला हवा, आणि ओढून बघितल्यावर सुटता कामा नये. वायर गच्चीवर लोळत नको, पाईपात किंवा क्लिपने वर बांधलेली हवी. डीसी आयसोलेटर (पॅनलची लाईन तोडायचा स्विच), पॅनल आणि घर अशा दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्शन (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून बचाव), स्ट्रक्चर आणि इन्व्हर्टरचं अर्थिंग, हे कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहून घ्या. "सगळं येतं त्यात" हे उत्तर चालवून घेऊ नका.

प्रश्न: साफ किती वेळा करायचं?

जेवढी धूळ तेवढ्या वेळा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, साधं पाणी आणि मऊ कापड किंवा मॉप. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, काच तडकू शकते. प्रेशर वॉशर नको, तारेची घासणी नको. बोअरचं जड पाणी असेल तर पुसून घ्या, क्षारांचे डाग नंतर निघत नाहीत. पक्ष्यांची विष्ठा धुळीपेक्षा वाईट, ती एकाच सेलवर सावली धरते आणि तो सेल तापतो. आणि पॅनलवर पाय देऊन चालू नका, काच तुटत नाही पण आतले सेल बारीक तडकतात, ते वर्षभराने कळतं.

प्रश्न: ढगाळ दिवसात काय? गारा पडल्या तर?

दाट ढगात १० ते २५ टक्के मिळतं. रात्री शून्य. गारांचं म्हणाल तर प्रमाणित पॅनलची २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्याने ताशी ८० किलोमीटरच्या वर वेगाने मारून चाचणी झालेली असते. त्याहून मोठ्या गारांसाठी विमा.

प्रश्न: किती वर्षं टिकतं?

पॅनल २५-३० वर्षं, दर वर्षी साधारण अर्धा टक्का कमी होत. इन्व्हर्टर १० ते १५. म्हणजे पॅनलच्या आयुष्यात एकदा तरी इन्व्हर्टर बदलायचा आहे, आणि पैसे वसूल होण्याच्या हिशोबात तो खर्च कुणी दाखवत नाही, तुम्ही घाला. वॉरंटी दोन असतात हे नीट बघा. २५ वर्षांची असते ती पॉवर किती राहील याची, पॅनल सदोष निघालं तर बदलून देण्याची वेगळी आणि सहसा कमी वर्षांची. बॅटरीच्या वॉरंटीत वर्षं आणि सायकल दोन्ही लिहिलेलं असतं, जे आधी संपेल ते.

प्रश्न: नंतर पॅनल वाढवता येतील का?

इन्व्हर्टरला जागा असेल तर. पॅनलची एकूण पॉवर इन्व्हर्टरच्या २०-३० टक्के वर गेली तरी चालतं, वर्षातले काही तास वरचा भाग कापला जातो, नुकसान किरकोळ. पण जुन्या स्ट्रिंगमध्ये वेगळ्या करंटचं नवीन पॅनल घुसवू नका, सगळी ओळ कमी करंटवाल्याच्या चालीने चालते. नव्या पॅनलना वेगळी स्ट्रिंग आणि इन्व्हर्टरवर वेगळं एमपीपीटी इनपुट द्या. वीज कंपनीच्या मंजुरीत जेवढे किलोवॅट लिहिलेत त्याच्या वर जायचं तर आधी अर्ज, मग पॅनल.